क्लेटनची तेलाची बाटली

मोबाइल खाली ठेवा रे पोरांनो, लाइट आज येत नाही. ऐका. आपल्या टॅक्सीवाल्या वेंडेलबरोबर घडलेलं सांगतो.

गेल्या सप्टेंबरातला गुरुवार, रात्रीचे अकरा वीस. वादळ आपल्या बर्म्युडाच्या बाजूने जाणार होतं, अंगावर येणार नव्हतं. वारा पूर्वेचा. रेडिओ म्हणत होता, वादळ पश्चिमेकडून सरकेल, मध्यरात्री वारा फिरून दक्षिणेकडून येईल. आता वाऱ्याकडच्या खिडक्या घट्ट लावायच्या आणि पाठीकडच्या बोटभर उघड्या ठेवायच्या, हे तुम्हाला मी काय सांगणार? वारा फिरला की तेही फिरवायचं. चुकलं की छप्पर गेलं.

वेंडेलने स्वतःच्या घरी दक्षिणेच्या खिडक्या लावल्या आणि तो एडलिनमावशीकडे तिच्या खिडक्या लावायला निघाला. हे काम तिच्या नवऱ्याचं, क्लेटनचं. तो जूनमध्ये गेला. तेव्हापासून मावशी खुर्चीतून उठत नव्हती. रडलीही नाही. माझ्या बायकोने पाठवलेलं कालवण तसंच परत यायचं. झाकण उघडून मीच बघायचो ना!

वेंडेल आत शिरला. उत्तरेच्या खिडक्या बंद, अडसर घातलेले. दक्षिणेच्या उघड्या. सगळं उलटं.

"मावशी, हे कुणी केलं?"

"क्लेटनने."

वेंडेलने खोलीभर नजर फिरवली. दुसरं कुणी नव्हतं.

"भिजलाय. टॉवेल दे त्याला."

"मावशी, छप्पर जाईल! मी नीट लावतो."

"रेडिओवाल्यांचा शहाणा आलास. हात लावू नकोस. बाटली बघून लावल्यात त्याने."

खुंटीला क्लेटनची शार्कच्या तेलाची बाटली होती. वादळ जवळ आलं की त्यात पांढरं धुकं धरतं. कुठल्या काठाला धरलंय, त्यावरून तो वादळाची बाजू सांगायचा.

वेंडेलने उत्तरेच्या अडसरावर हात ठेवला.

लाकूड ओलं होतं... आणि कोमट. आत्ताच कुणी हात काढल्यासारखं.

त्याने अडसर तसाच राहू दिला आणि खाली बसला.

वारा पडला.

काहीच नाही...

मग आला. उत्तरेकडून.

मावशीचं छप्पर टिकलं. वेंडेलचं गेलं. सकाळी तो रस्त्यात उभा राहून नुसता वर बघत होता. मी चहा दिला, तो हातातच गार झाला.

वादळ सरलं की तेल निवळतं. त्या दिवशी सगळ्यांच्या बाटल्या निवळल्या. मावशीची नाही. धुकं तिच्या खुर्चीकडच्या काठाला धरून बसलेलं. मी आपला विचारपूस करायला गेलो आणि तिची नजर चुकवून बाटली खुंटीवरच अर्धी फिरवली, धुकं भिंतीकडे करून ठेवलं.

"तुझे हात काही स्वस्थ बसायचे नाहीत," ती म्हणाली. वळलीसुद्धा नाही.

दुसऱ्या सकाळी पुन्हा गेलो. बाटली मी ठेवली तशीच होती.

धुकं खुर्चीकडे.