टोचनला लावलेली पांढरी गाडी

ही गोष्ट कुणाकडून ऐकलेली नाही. क्रेनमध्ये ह्यांच्या शेजारच्या सीटवर मी स्वतः बसले होते.

माझ्या नवऱ्याची टोचनची क्रेन आहे. हायवेवर बंद पडलेल्या, ठोकलेल्या गाड्या ओढून गॅरेजला पोचवायच्या, हेच काम. त्या संध्याकाळी मला पुढच्या शहरात आईकडे जायचं होतं. ह्यांनाही तिकडेच एक गाडी न्यायची होती. म्हटलं, चला, बसचे धक्के वाचले.

मागे अडकवलेली ती पांढरी कार सकाळी ट्रकला धडकली होती. चालवणारा मुलगा दवाखान्यात होता. आम्हाला एवढंच ठाऊक.

ऊन उतरलं होतं, पण अजून लख्ख दिसत होतं.

मी सहज बाजूच्या आरशात पाहिलं...

"अहो, मागच्या गाडीचा इंडिकेटर लागलाय."

"उन्हाची तिरीप असेल. बॅटरी काढून तुझ्याच पायाशी ठेवलीय ना!"

मी खाली पाहिलं. बॅटरी तिथेच होती.

पुन्हा आरशात पाहिलं. डावा दिवा... लागत होता. विझत होता.

आता ह्यांनीही पाहिलं. वेग कमी केला.

पुढे डावीकडे एका गावाचा फाटा होता. आम्हाला सरळ जायचं होतं.

फाटा आला... आणि मागून जोराचा हिसका बसला. अख्खी क्रेन डावीकडे ओढली गेली. स्टिअरिंग धरून ह्यांच्या हाताच्या शिरा फुगल्या.

"अहो, उलटेल! वळवा!"

वळवली.

ओढ एकदम थांबली.

गावातही प्रत्येक वळणाआधी तो दिवा लागायचा. आम्ही मुकाट वळायचो. शेवटी एका निळ्या गेटसमोर तो विझला.

गेट सताड उघडं. एक वयस्कर बाई हात पुसत उभ्या.

"या, या! मघाशीच त्याचा फोन आला. म्हणाला, आई, गाडी ओढून आणतोय, गेट उघडून ठेव."

इतक्यात ह्यांचा मोबाइल वाजला. गॅरेजवाला होता. त्याचा आवाज मलाही ऐकू आला.

"अरे, गाडीत काही पत्ता सापडतो का बघ. तो मुलगा दुपारीच गेला रे. घरच्यांना अजून कुणी कळवलेलं नाही."

हे मोबाइल कानाला लावून तसेच बसलेले. मीच खाली उतरले. त्या बाईंचे ओले हात हातात घेतले.

"काकू... जरा आत बसू या."

"बसू ना. पण त्याला तरी उतरू दे!"

माझ्या खांद्यावरून मागे बघत त्या हसत होत्या.

मागे... कारचं दार उघडल्याचा आवाज आला.

मी वळले नाही. हे आरशात बघत होते.

खरं काय ते काकूंना सांगेपर्यंत अंधार पडला होता.

आरशात काय दिसलं, ते ह्यांनी आजतागायत सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही. फक्त तो फाटा जवळ आला, की हे बोलता बोलता गप्प होतात... आणि मागे काही अडकवलेलं नसलं, तरी वेग कमी करतात.