थंड ड्रम

मिरचीने कोपरापर्यंत हात ड्रममध्ये खुपसला आणि तोंड वाकडं केलं. "थंडगार! आठ दिवसांचा कचरा आहे. आतून तापायला हवा."

"आणि वास बघ," तिचा धाकटा भाऊ ढोल्या नाक दाबून म्हणाला.

वासच तर नडला होता. सुट्टी लागल्यापासून इमारतीच्या ओल्या कचऱ्याचं खत करायचे तिन्ही ड्रम नुसते सडत होते आणि सेक्रेटरीकाकांनी खापर बागवाल्या मावशीवर फोडलं होतं. म्हणे, जिवाणूंची पूड ती टाकतच नाही, बाहेर विकते. रविवारच्या सभेनंतर ड्रम जाणार होते आणि मावशीचं कामही.

मावशी शपथेवर सांगत होती, रोज सकाळी पूड पाण्यात कालवून शिंपडते. मग माशी शिंकतेय कुठे? शेजारच्या चष्मिसला पूडच बनावट वाटत होती. मिरचीला तर सगळ्यांचाच संशय येत होता.

दुसऱ्या दिवशी तिघं पाण्याच्या टाकीमागे दबा धरून बसले. मावशी आली, शिंपडून गेली. तिची पाठ वळते न वळते तोच सेक्रेटरीकाका आले. इकडेतिकडे पाहत त्यांनी खिशातून बाटली काढली आणि तिन्ही ड्रममध्ये ओतली. मिरची तावातावाने उठली, तर चष्मिसने तिचा फ्रॉक धरून तिला खाली ओढलं. वास टाकीपर्यंत आला. फिनेल!

"आत्ता भांडलीस तर ते नाही म्हणतील," चष्मिस कुजबुजला. "पुरावा करू."

दोन बादल्यांत सारखाच कचरा, सुका पाला आणि मावशीची पूड. दोन्ही गोणपाटात गुंडाळल्या. एकीत मात्र रोज झाकणभर फिनेल.

रविवारी मिरचीने दोन्ही बादल्या सभेत आणल्या आणि काकांनाच हात घालायला सांगितलं. फिनेलची बादली गार लागली. दुसरीतून त्यांनी हात झटकन मागे घेतला.

"पूड म्हणजे विरजण, काका," मिरची म्हणाली. "विरजणात फिनेल ओतलं तर दही लागेल का?"

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. वास मारावा म्हणून पहिल्या दिवशी थोडं ओतलं, ते पुटपुटले. वास वाढला, तसं आणखी ओतत गेलो.

"म्हणजे मी चोर, आणि जिवाणू मारणारे तुम्ही," मावशी शांतपणे म्हणाली.

काकांनी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. पोरांचे डोळे आपल्यापेक्षा तेज आहेत, हेही कबूल केलं.

ड्रम रिकामे करून पुन्हा भरले. आठवड्याने मावशीने काकांना बोलावलं, "घाला हात."

त्यांनी घातला आणि ओरडून काढला. मिरची टाकीवर बसून पाय हलवत होती. "भाजलं ना?" तिने विचारलं. मावशी पहिल्यांदा हसली.