कागदावरचे सहकारी

कूलरचा झोत एकदम फिरला आणि मुलाखतीसाठी थांबलेल्या कामिनीच्या मांडीवरचा बायोडेटा उडून समोरच्या तरुणाच्या पायाशी पडला. त्याने तो उचलला, आणि द्यायचं सोडून वाचायलाच लागला!

"अहो, तो माझा आहे."

"दिसून राहिलं नं. पण हे... सप्तधारा टिंबर, लकडगंज? तुमी तिथं अकाउंटंट होत्या?"

"होती. तीन वर्षं." कामिनीने हनुवटी वर केली. खोटं बोलताना ती आपोआप वर जायची.

"मग आपली ओळख कशी नाही? मी तर तिथला मॅनेजर!"

त्याने स्वतःचा कागद पुढे धरला. नाव अंकुश. कंपनी तीच, वर्षंही तीच. प्रताप नगरातल्या सायबर कॅफेवाल्याने सगळ्यांच्या रिकाम्या वर्षांना एकच ठिगळ लावलं होतं, आणि अशी कंपनी लकडगंजात काय, कुठेच नव्हती.

कामिनीला आधी घाम फुटला. मग हसू.

"खरं काय करून राहिले होते?" तिने हळूच विचारलं.

"एमपीएससी. दर वेळी थोडक्यात गेली. आता घरी कोणी निकालही विचारत नाही... अन् तुमी?"

"मौद्याले वीज प्रकल्पात होती, पाण्याच्या लॅबमध्ये. बाबांले लकवा मारला, सोडली नोकरी. त्यांले उठवायचं, चालवायचं, बोलतं करायचं... कॅफेवाला म्हणे, याले कोणी अनुभव म्हणत नाही."

या फिजिओथेरपी केंद्रात पेशंटची विचारपूस करणारं माणूस हवं होतं. जागा एकच. दोन्ही कागद एका टेबलावर गेले, की दोघंही पकडले जाणार.

"मी माझं खोडतो," अंकुश म्हणाला. "तुमचं राहू द्या."

"काहून? उपकार करून राहिले का?"

"नाही वं—" तो अडखळला. जवळच्या मुलीला म्हणावं तसं 'वं' तोंडून निसटलं होतं; कान लाल झाले. "म्हणजे... नाही हो."

पेनने त्याने मॅनेजरपदावर काट मारली आणि वर लिहिलं: स्पर्धा परीक्षा दिल्या, जमलं नाही. माणूस आपला फायदा सोडतो तेव्हा त्याचा चेहरा नीट बघून घ्यावा. कामिनीने बघितला, जरा जास्तच वेळ.

तेवढ्यात तिचं नाव पुकारलं गेलं.

"सप्तधारामध्ये काय काम होतं?" आत मुलाखत घेणाऱ्या सुभद्रा मॅडमनी विचारलं.

हनुवटी वर गेली... आणि खाली आली.

"मॅडम, अशी कंपनीच नाही. मी घरी होती, बाबांजवळ."

मग ती बोलतच राहिली. आखडलेला हात जोर न लावता कसा उघडायचा. शर्टाचं बटण लागत नाही म्हणून चिडलेला माणूस आपल्यावर चिडलेला नसतो, हे समजायला किती दिवस लागतात...

मॅडमनी कागद बाजूला सारला. "मग खोटं काहून लिहिलं?"

"भीतीनं."

"खोटं इथं चालणार नाही," मॅडम म्हणाल्या. पण पुढचे सगळे प्रश्न त्यांनी बाबांबद्दलच विचारले.

अंकुशची मुलाखतही आटपली. दोघं समोरच्या रसवंतीत बसले. उसाच्या रसात आलं जरा जास्त होतं. कामिनीचा फोन वाजला, "हो मॅडम," एवढंच म्हणून तिने तो ठेवला आणि ग्लास नुसताच फिरवू लागली.

"तुमाले मिळाली," अंकुशने ओळखलं. "अभिनंदन. फक्त... मनापासून हसायले जरा वेळ द्या मले."

इतकं खरं तिच्याशी बऱ्याच दिवसांत कुणी बोललं नव्हतं.

"रविवारी घरी या," ती म्हणाली.

"काहून?"

"बाबांले भेटायले. ते येईल त्याले एकच विचारतात, काय करता?"

अंकुशचा ग्लास ओठांपाशीच थांबला. "अन् मी काय सांगू?"

"सध्या काही नाही करत, म्हणा."

"अन् ते म्हणाले, मग आमच्या पोरीसंगं काहून आला?"

कामिनी रस्त्याकडे बघत राहिली. ऊन होतं, म्हणून गाल तापले असतील...

"तिनंच बोलावलं, म्हणा. बाजूलेच बसली राहीन मी."