मागच्या सीटचा पट्टा

शेकोटी विझू देऊ नका रे पोरांनो. आणि चिखलदऱ्याला जायला भाड्याची गाडी ठरवली म्हणता, तर आधी हे ऐका. गाडी नेऊ नका असं कोणी म्हणत नाही. न्या, फिरा, मजा करा. फक्त निघताना तोंड आवरा. का, ते आपल्या विश्वनाथवरून कळेल.

विश्वनाथ म्हणजे नागपुरातल्या सदरच्या बँकेतून रिटायर झालेला. तुम्ही पाहिलाय त्याला. भाजीवाल्याच्या तराजूखाली हात घालून बघणारा, ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून पिणारा माणूस. त्याची बायको तारा म्हणायची, "देवानं स्वतः प्रसाद दिला तरी हे पुडी उघडून वास घेतील." पण या शंकेखोर माणसाला एक भोळी सवय होती. गाडी सुरू केली की मागे वळून मोठ्यानं म्हणायचं, "चला, बसले का सगळे? घरी जाऊ." त्याचा बाप टांग्यात म्हणायचा, तेच हा गाडीत म्हणायचा. मागे कोणी असो नसो. हल्ली तो गाडी सुरू करताना ओठ घट्ट मिटून बसतो, ते उगाच नाही.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. अधिवेशन सोमवारी सुरू होणार होतं, त्याच्या आदल्या रविवारची रात्र. जावयानं, ऋषीनं, हौसेनं सासू-सासऱ्यांना बोटीच्या सहलीला पाठवलं होतं. मुंबईहून गोवा आणि परत. रविवारी सकाळी बोट मुंबईच्या बंदराला लागली, दोघं खाली उतरले, फोनला रेंज आली, आणि पहिलाच फोन ऋषीचा. सुरुचीला अॅडमिट केलं होतं. दिवस भरायला अजून तीन आठवडे होते, पण पाणी गेलं होतं.

सुरुची ही त्यांची एकुलती एक लेक. आधीची दोन बाळं पोटातच गेलेली. तारानं बॅग तिथंच फरशीवर ठेवली आणि खाली बसली.

आता नागपूरला पोचायचं कसं? अधिवेशनामुळे अख्खं मंत्रालय त्या दिवशी नागपूरला निघालेलं. विमानात जागा नाही, गाड्यांना वेटिंग. विश्वनाथ बंदराच्या दाराशी डोकं धरून उभा होता, तेवढ्यात मागून आवाज आला, "काका, नागपूरचे का?"

पोरगा पंचविशीतला. नाव प्रीतम. स्वतः चालवायच्या गाड्या भाड्यानं द्यायचं काम करायचा. "तुमचं बोलणं ऐकलं, लगेच समजलं. माझ्यापाशी एक गाडी हाये. आपल्या नागपूरचीच. तिले वापस पाठवाचीच हाये."

पांढरी गाडी होती. काळ्या पाटीवर पिवळे आकडे, नागपूरचे. भाडं सांगितलं ते निम्म्यानं कमी. झालं, विश्वनाथच्या कपाळावर आठी.

"एवढी सस्ती काहून देऊन राहिला गा?"

"रिकामी पाठवली तर डिझेल फुकट जाते, काका."

"इथं आणली कोणी?"

"होती एक पार्टी. घरचं काही झालं म्हणे. गाडी सोडून रेल्वेनं गेले." हे बोलताना प्रीतम समुद्राकडे बघत होता.

विश्वनाथनं गाडीला चारी बाजूंनी फेरी मारली. प्रत्येक ओरखड्याचा फोटो घेतला, टायर दाबून पाहिले. मागची सीट नुकतीच धुतलेली, ओलसर, फिनाईलचा वास येणारी. मागचं डावं दार नीट लागलेलं नव्हतं. ते त्यानं उघडून आत पाहिलं, फोटो घेतला आणि धाडकन लावलं. प्रीतमनं किल्ली दुरूनच पुढे केली. गाडीजवळ तो काही आला नाही.

"अहो, शंका घ्यायला आयुष्य पडलंय," तारा रडवेली होऊन म्हणाली. "तिकडे पोरगी एकटी तडफडून राहिली."

सामान डिकीत गेलं. दोघं पुढे बसले. विश्वनाथनं चावी फिरवली, आणि जिभेला वळण पडलेलं, मागे वळून म्हणाला, "चला, बसले का सगळे? घरी जाऊ."

गाडी दहा पावलं गेली असेल नसेल, टिंग टिंग वाजायला लागलं.

स्क्रीनवर लाल चित्र आलं. मागची डावी सीट, पट्टा लावलेला नाही. नव्या गाड्यांत हे असतं. सीटवर वजन असलं आणि पट्टा नसला की गाडी ओरडते. मागे तर काहीच नव्हतं. पर्ससुद्धा ताराच्या मांडीवर.

"पाहिलं? खराब गाडी गळ्यात मारली," विश्वनाथ म्हणाला. "उद्या म्हणेल तुम्हीच बिघडवली." त्यानं त्या लाल चित्राचाही फोटो घेतला.

ठाणं गेलं, आमणे गेलं, समृद्धीवर गाडी लागली. टिंग टिंग चालूच. इगतपुरीच्या बोगद्यात तो आवाज भिंतींवरून परत यायला लागला, तेव्हा ताराला राहवेना. पुढच्या पंपावर ती उतरली, मागचं दार उघडलं आणि रिकाम्या सीटवर पट्टा लावून टाकला. आवाज बंद झाला. विश्वनाथ हसला, म्हणाला, "बँकेत असती तर मॅनेजर झाली असती." तारा हसली नाही. ती आपला हात पदराला पुसत होती.

संध्याकाळ झाली. समृद्धी तुम्हाला माहीत आहे. सरळ, रिकामी, दोन्ही बाजूंनी काळोख. वाशीमच्या पुढे तारानं विचारलं, "ओवा खाऊन राहिले का तुम्ही?"

"मी कुठला ओवा खातो?"

पण वास त्यालाही येत होता. चावलेल्या ओव्याचा, गरम आणि तिखट. काच खाली केली. वारा आत आला. वास गेला नाही.

ऋषीचा फोन आला. बाळाचे ठोके कमी होऊन राहिले, डॉक्टर म्हणतात थोडं थांबू, नाहीतर ऑपरेशन. "बाबा, तुम्ही या लवकर. ती तुमचंच नाव घेऊन राहिली." विश्वनाथनं गाडी दामटली.

साडेदहाच्या सुमारास शिवमडका आलं. समृद्धी संपते ते. समोर नागपूरचे दिवे. स्क्रीनवर धंतोलीच्या दवाखान्याचा पत्ता टाकलेला होता, तरी रस्ता सांगणारी आतली बाई म्हणाली, डावीकडे वळा. रिंग रोडनं. सावनेरकडे. विश्वनाथनं पाहिलं तर पत्ता बदललेला. तिथं नुसतं लिहिलं होतं, 'घर'. आणि खाली गावाचं नाव, खापा.

त्यानं पुन्हा धंतोली टाकलं. शंभर पावलांवर पुन्हा 'घर'.

"टोळी आहे ही," तो दबक्या आवाजात म्हणाला. "आडरानात न्यायचं आणि लुटायचं. तरीच सस्ती."

त्यानं गाडी कडेला घेतली आणि प्रीतमला फोन लावला. तीनदा वाजून उचलला.

"खरं सांग. ही गाडी कोणी आणली होती?"

तिकडे आधी दार लावल्याचा आवाज आला. मग... "काका, शेठनं सांगू नको म्हटलं होतं. खाप्याचा गोविंदा म्हणून हाये. आईले कॅन्सरच्या दवाखान्यात घेऊन आला होता. ट्रॅफिकमध्ये अडकले. म्हातारी गाडीतच गेली. मागच्या सीटवर, डाव्या बाजूनं. क्रियाकर्म मुंबईतच उरकलं. त्याची पुन्हा गाडीत बसाची हिंमत नाही झाली."

फोन ठेवला. दोघंही मागे बघेनात.

तारा हळू आवाजात बोलली. "आपल्याकडे माणूस परगावी गेलं तर घरचं कोणी सांगते त्याले, चल, घरी जाऊ. पूल लागला तर पूल आला म्हणते. त्या पोरानं भीतीपोटी सांगितलंच नसेल. ती बसून राहिली असेल तशीच." थांबली. "आणि तुम्ही म्हटलं."

विश्वनाथ उतरला. त्याच्या मनात एकच होतं. धंतोली अर्ध्या तासावर. खापा उलट्या दिशेला, जाऊन येऊन अडीच तास. पण हे असलं सोबत घेऊन, जन्मणाऱ्या बाळाच्या दारात? त्यानं मागचं दार उघडलं. पट्टा काढला. हात जोडले.

"उतरा बाई. नागपूर आलं. इथून जा."

काही हललं नाही.

दार लावलं. गाडी सुरू केली. टिंग. टिंग. टिंग.

तो पुन्हा उतरला. या वेळी पट्टा त्यानं स्वतः लावला. आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं... रिकाम्या सीटवर पट्टा सैल पडतो. हा पडला नाही. तो सीटपासून वीतभर पुढे, ताणून उभा राहिला. पोटावरून गेल्यासारखा.

विश्वनाथनं दार लावलं. हळू लावलं.

"खापा," तो म्हणाला. तारानं मान हलवली.

खाप्याचा रस्ता लागला. नाला आला, पूल आला की विश्वनाथ समोर बघत म्हणायचा, "पूल आला, आई. सांभाळून." तोच माणूस, जो प्रसादाची पुडी हुंगायचा. ऋषीचा फोन आला. सुरुचीला आत नेलं. तारा फोन छातीशी धरून बसली. ओव्याचा वास आता इतका, की डोळ्यांत पाणी यावं.

खाप्यात सामसूम. बाईचा आवाज म्हणाला, आपण पोहोचला आहात.

बैठं घर. ओट्यावर एक माणूस घोंगडी पांघरून बसलेला. डोक्याचं मुंडण ताजं. त्यानं गाडीकडे पाहिलं. पाटीकडे पाहिलं. उठला.

"गोविंदा?" विश्वनाथनं विचारलं.

त्यानं मान हलवली. काहून आले, हेही विचारलं नाही. गाडीजवळ आला, वास आला तसा त्याचा चेहरा मोडला. "ओव्याशिवाय गाडीत बसत नव्हती ते..."

विश्वनाथनं मागचं डावं दार उघडलं, पट्टा काढला. गोविंदा वाकला. रिकाम्या जागेत हात घातला, कोपराखाली आधार द्यावा तसा. "मी भ्यालो वं, आई. चुकलं माझं. चल. घर आलं." आणि तो सावकाश, पायरी सांभाळत, कोणाला तरी धरून आत गेला. दार लागलं.

वास गेला. एकदम गेला. नुसती थंडी उरली, आणि कन्हान नदीवरून येणारा वारा.

तेवढ्यात फोन वाजला. मुलगी झाली होती. रडायला वेळ लावला, पण रडली. सुरुची ठीक होती. तारा गाडीला टेकून हमसून हमसून रडली, आणि विश्वनाथ चक्क हसायला लागला. जीव भांड्यात पडला की माणूस हसतोच.

"बसा पटकन," तारा म्हणाली. "आणि ते तुमच्या मागचं दार लावा. लाल दिवा लागलाय."

मागचं उजवं दार नीट लागलेलं नव्हतं. विश्वनाथनं ते दाबून लावलं, मागे न बघता. मग स्टिअरिंगवर बसला, चावी फिरवली, आणि आनंदाच्या भरात मोठ्यानं म्हणाला, "चला, बसले का सगळे? घरी जाऊ!"

परतीला गाडीनं एकदाही आवाज केला नाही.

दवाखान्यात दोघांनी पाय धुतले. बाहेर घटकाभर थांबले. मग वर गेले. सुरुची झोपली होती. नात दुपट्यात गुंडाळलेली, मूठ गालाशी. विश्वनाथनं तिला मांडीवर घेतलं. "आली माझी बाय," असं तो तिला पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

उजाडलं. गाडी परत करायची होती. सवयीप्रमाणे विश्वनाथ फोटो काढायला खाली आला. पुढून काढला. डाव्या बाजूनं काढला. डावा पट्टा सुटलेला, त्यानं स्वतः काढला होता तसाच. मग तो उजवीकडे आला. आपल्या मागच्या सीटकडे.

फोन हातात तसाच राहिला.

खाप्याला आपण डावं दार उघडलं. उजवं दार कोणीच उघडलं नव्हतं. ना त्यानं, ना तारानं, ना गोविंदानं. आणि निघताना आपण काय म्हणालो, तेही त्याला आठवलं.

उजवा पट्टा लावलेला होता.

त्यानं काचेला डोकं लावून नीट पाहिलं. पट्टा ताणलेला नव्हता. रिकाम्या सीटवर पडतो तसा, सैल पडला होता.

विश्वनाथनं मान वर केली. दुसऱ्या मजल्यावर, बाळाच्या खोलीत, कोणीतरी दिवा मालवला.