फळ्यावरचा ‘च’

सकाळपासून शार्दूलने चिवड्याची चाळीस पाकिटं फाडली होती. नंबर एक ते चाळीस, भरल्या क्रमाने, आणि प्रत्येकात शेंगदाणे! बोटं तेलकट, नाकात हळद, आणि हाती काय? शून्य!

“लाल स्टिकरवालं एकही सोडलं नाही,” तो वैतागून म्हणाला. “फळ्यावरचा नियम तंतोतंत पाळलाय. झालं समाधान?”

यशोधरा जगदाळे खासगी तपासाची कामं घेत आणि शार्दूलला असं राबवून घेत. त्या फळ्याकडेच बघत होत्या. खोलीच्या भिंती हळदीने पिवळ्या पडलेल्या, फळा तेवढा पांढराशुभ्र. त्यावर लिहिलं होतं: ‘शेंगदाणे असतील तरच पाकिटाला लाल स्टिकर लावा.’

इंदूरच्या अन्नपूर्णा भागातला हा कुमुदिनी शितोळेंचा चिवड्याचा कारखाना. बुधवारच्या मालातलं एक पाकीट स्टिकरविना विकलं गेलं, आत दाणे निघाले. हातोदच्या आठ वर्षांच्या पलकला दाणे सोसत नाहीत. पोर मरता मरता वाचली. कुमुदिनीबाईंनी माल परत मागवला आणि तिच्या आईला नाव सांगून टाकलं: पाकिटं भरणारी गंगूबाई. संध्याकाळपर्यंत दुसरं काही निघालं नाही, तर गंगूबाईची नोकरी जाणार होती.

“मी रोज ओरडते,” कुमुदिनीबाई म्हणाल्या, “दाणे असले तर लाल स्टिकर लावायचंच! आणखी काय करू? पॅकिंगचं, फळ्याचं अर्पितजी बघतात, मी या खोलीत क्वचित येते.”

गंगूबाई सांवेरहून बसने येई. डोळे रडून लाल झालेले. “मला वाचता येत नाही, बाई. अर्पितभिया स्टिकर देतात, मी चिकटवते. त्या दिवशी खतम झाले. मी विचारलं, तर म्हणाले, चलने दो.”

“मग हे आधी का नाही सांगितलं?” शार्दूल ओरडला.

“दोन दिवस तेच सांगते आहे! ऐकतंय कोण?”

“झूठ!” पॅकिंग बघणारा अर्पित उसळला. “ही विसरली, बस. फळा दिवाळीपासून लागलाय. मॅडमने सांगितलं, मी लिहिलं, शब्द न् शब्द त्यांचा. मला काहीच माहीत नव्हतं, मॅडमचा फोन आला तरच मी धावत आलो, भिया.”

“तेव्हाच! ‘फोन आला तेव्हाच’ म्हणा हो!” शार्दूलने कपाळावर हात मारला. साताऱ्याहून येऊन दोन वर्षं झाली, तरी इथलं मराठी त्याच्या पचनी पडत नव्हतं.

यशोधराबाई एकदम वळल्या. “शार्दूल, आता बिनस्टिकरची उघड.”

“त्यांच्यावर तर स्टिकरच नाही!”

“म्हणूनच.”

दात-ओठ खात त्याने एक्केचाळीस नंबर फाडलं. दाणे! बेचाळीस, दाणे. पंचावन्नपर्यंत दाणेच; मधलं एक्कावन्न तेवढं नव्हतं, ते पलकच्या घरी गेलं होतं. छप्पन्नपासून साधा चिवडा.

“दाणे असतील तर स्टिकर, हा नियम मोडला का, ते लाल पाकिटं कशी सांगणार?” यशोधराबाई म्हणाल्या. “बिनस्टिकरचं उघडायचं. आत दाणे सापडले की नियम मोडला.”

“मग माझी अख्खी सकाळ वाया?”

“तू फळ्यावर विश्वास ठेवलास. ‘तरच’ म्हणजे दाण्यांशिवाय लाल लावू नका, एवढंच. दाणे असून लावलं नाही, तरी फळ्यावरचा हा नियम मोडत नाही! कुमुदिनीबाईंचा ‘च’ शेवटी असतो: लावायचंच. ‘तर’ला तो कोण जोडतं? ‘फोन आला तरच धावत आलो’ कोण म्हणालं?”

अर्पितचा चेहरा उतरला.

“आणि दिवाळीपासून भिंती पिवळ्या झाल्या, फळा नाही झाला? तो काल-परवा लागलाय, दोष गंगूबाईवर ढकलायला. विसरणारा माणूस मधलं एखादं विसरतो, ओळीने पंधरा नाही. चाळीसला स्टिकर संपले. नवे द्यायचं काम कुणाचं?”

“टेम्पो उभा होता…” अर्पित पुटपुटला. “वाटलं, एका दिवसाने काय होतंय.”

कुमुदिनीबाई गंगूबाईकडे वळल्या. मग म्हणाल्या, “गंगूबाई, उद्या नेहमीसारखी कामावर ये.”

“उद्याचं उद्या,” गंगूबाई म्हणाली. “आधी त्या पोरीच्या आईला फोन लावा. माझं नाव सांगितलंत ना? आता, माझ्यासमोर, सांगा की ती मी नव्हते.”

कुमुदिनीबाईंनी फोन उचलला आणि नंबर लावला.