पांढरी रेघ

ही गोष्ट खरी आहे. माझ्याच घरात घडलेली. विश्वास ठेवा, नका ठेवू. मला आता कुणाला काही पटवून द्यायचं राहिलेलं नाही.

अशा गोष्टींत नेहमी रात्र असते, लाईट गेलेली असते, कुत्री रडत असतात. माझ्या गोष्टीत यातलं काहीच नाही. रविवारची दुपार होती. लख्ख ऊन होतं. आणि जागा होती आमच्या घरामागचं गॅरेज.

माझ्या नवऱ्याकडे एक गाडी होती. दोन दारांची, जमिनीला टेकलेली जुनी स्पोर्ट्स कार. घेतली तेव्हा साधी होती. मग त्याने तिला मोठा टर्बो बसवला. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. पंखा मोठा म्हणून पाइप मोठे, पाइप मोठे म्हणून क्लच नवा, क्लच नवा म्हणून ब्रेक नवे. हे वर्षानुवर्षं चाललं. सुट्टीच्या दिवशी गाडीला लॅपटॉप जोडून तो इंजिनाचं सेटिंग बदलायचा, एक फेरी मारून यायचा, परत बदलायचा. शेजारी गमतीने म्हणायचे, ही तुमची सवत.

सवत नंतर येते. ही माझ्या आधीपासून होती.

गाडीचं काम तो आणि माझा धाकटा दीर मिळून करायचे. नवऱ्याचा एक नियम होता. स्वतःचं काम स्वतः तपासायचं नाही. दीर बोल्ट कसायचा आणि त्यावर पेंटच्या मार्करने पिवळी रेघ मारायचा. मग माझा नवरा तोच बोल्ट पान्याने पुन्हा तपासायचा. पाना ठरावीक जोरावर पोचला की आवाज करतो.

कट्.

आवाज आला की तो पिवळ्या रेघेशेजारी पांढरी रेघ मारायचा. पांढरी रेघ नसेल तर गाडी जागची हलायची नाही. एवढी काळजी. एका एका बोल्टची.

जेवणाच्या टेबलाजवळची आमची एक खुर्ची डुगडुगायची. किती वर्षं सांगत होते, जरा आवळून दे. "बघतो" म्हणायचा. कधी बघितली नाही.

दुसरा नियम इंजिन बंद करण्याचा. गाडी जोरात चालवून आणली की टर्बो लालबुंद तापलेला असतो. लगेच इंजिन बंद केलं तर आतलं तेल जागीच जळतं. म्हणून थोडा वेळ इंजिन चालू ठेवायचं. तसं आपोआप करणारं यंत्र मिळतं. याने ते कधी लावलं नाही. स्वतः बसून राहायचा. मी जेवण वाढून आत, हा बाहेर गाडीत. मग इंजिन बंद व्हायचं, दाराचा खट्ट आवाज, मोरीत हात धुणं, आणि खुर्ची ओढल्याचा आवाज.

आमचा संसार म्हणजे हे एवढे आवाज.

तो गेला तेव्हाही इंजिन चालूच होतं.

गॅरेजचं दार उघडं होतं, मला आतून आवाज ऐकू येत होता. मला वाटलं, गार करतोय. रोजचंच. जेवण पार गार झालं तरी इंजिन घुरघुरत होतं, तेव्हा मी बाहेर गेले. तो स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, थोडं आधी कळलं असतं तर. नातेवाइकांनी माझ्याकडे बघितलं. बघू देत. इतकी वर्षं त्यानेच मला शिकवलं होतं की इंजिन चालू आहे म्हणजे सगळं ठीक आहे. हा दोष मी माझ्या अंगाला लावून घेतला नाही, घेणारही नाही.

हॉस्पिटलने त्याचं घड्याळ, चष्मा आणि खिशातला पांढरा मार्कर माझ्या हातात दिला. तिन्ही वस्तू मी कपाटात ठेवल्या, कुलूप लावलं.

त्यानंतर मी वाट बघितली. खरं सांगते, लाज वाटत नाही. लोक म्हणतात, गेलेलं माणूस एकदा तरी येऊन जातं. स्वप्नात येतं, उंबऱ्यात उभं राहतं, काहीतरी खूण करतं. मला एकच कळून घ्यायचं होतं. मी त्याची कुणी होते की नव्हते.

काही झालं नाही. ना स्वप्न, ना चाहूल. त्याची उशी जशीच्या तशी.

काही महिन्यांनी मी दिराला म्हटलं, गाडी विकून टाका. त्याचा जीव तुटत होता, पण तो हो म्हणाला. विकण्याआधी सगळी नीट करून द्यावी म्हणून त्याने टर्बोची गळती काढली, ब्रेक खोलले, चाकं पुन्हा बसवली. शनिवारी सगळे बोल्ट कसून पिवळ्या रेघा मारल्या आणि गॅरेजला कुलूप लावून घरी गेला.

रविवारी दुपारी आला. कुलूप उघडलं. आणि मला हाक मारली...

प्रत्येक पिवळ्या रेघेशेजारी एक पांढरी रेघ होती.

मी बोट लावलं. बोटाला पांढरा रंग लागला. ओला.

"वहिनी, अशी मस्करी बरी नाही," तो म्हणाला.

मला वाटलं होतं, यानेच केलंय. मी तेच बोलले. तो रडायला लागला, तेव्हा कळलं की त्याने केलेलं नाही. मी धावत आत गेले, कपाट उघडलं. मार्कर चष्म्याशेजारीच होता. टोक सुकून दगड झालेलं.

दीर हुशार. डोळे पुसले आणि म्हणाला, बघूच. त्याने पांढऱ्या रेघा पुसून टाकल्या. पुढच्या चाकाचा एक नट मुद्दाम ढिला केला, त्याच्यावर पिवळी रेघ मारली, गॅरेजला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या मुठीत दिली. आम्ही दोघं अंगणात खुर्च्या टाकून बसलो. चहा घेतला. ऊन उतरायला लागलं.

बराच वेळ काहीच नाही.

मग... आतून...

कट्.

दिराने माझा हात धरला.

कट्... कट्...

मध्ये थांबायचा. रेघ मारायला लागेल एवढाच वेळ. मग पुढचा.

कट्...

आणि मग बराच वेळ कट् झालं नाही. नुसता घासल्यासारखा आवाज. पाना फिरतोय... फिरतोय... ढिला नट आवळला जातोय...

कट्.

आम्ही दार उघडलं. आत कुणी नव्हतं. सगळ्या नटांवर पांढऱ्या रेघा होत्या. ढिल्या नटावरची पिवळी रेघ मात्र आता मोडली होती. नट फिरला की अर्धी रेघ त्याच्याबरोबर जाते. आणि त्याच्यावर नेहमीपेक्षा जाड पांढरी रेघ होती. दिराच्या चुकीवर तो अशीच जाड रेघ मारायचा, चिडून.

"दादा," दीर हळूच म्हणाला. "दादा, चुकलं माझं."

त्याला रडू फुटलं. मला नाही फुटलं. मी गाडीकडे बघत उभी राहिले आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट गरगरत होती.

तो आला होता. आणि तो गाडीसाठी आला होता.

त्या संध्याकाळी दीर गेल्यावर मी पिवळा मार्कर आणि पाना घरात आणला. ती डुगडुगणारी खुर्ची उलटी केली. पायाचा बोल्ट जीव खाऊन आवळला. त्यावर पिवळी रेघ मारली. नियमाप्रमाणे माझं काम मी तपासायचं नाही. ते त्याने तपासायचं.

सकाळी उठून बघितलं. नुसती पिवळी.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही.

मग वाटलं, त्याला घरात यायला जमत नसेल. काही नियम असतील त्यांचेही. मी खुर्ची उचलून गॅरेजमध्ये नेली, गाडीला अगदी खेटून ठेवली. गाडीच्या एका नटावरची पांढरी रेघ पुसली, म्हणजे त्याला यावंच लागेल.

म्हटलं, "एवढंच कर. मग मी काही मागणार नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी बघितलं. नटावर पांढरी रेघ होती. ओली.

खुर्चीवर पिवळी. एकटीच.

मी खुर्ची उचलून परत घरात आणली. त्या आठवड्यात गाडी गेली. एक तरुण जोडपं येऊन घेऊन गेलं. मुलगा गाडीभोवती फिरून फिरून हात लावत होता. त्याची बायको माझ्याशेजारी उभी राहून हसत म्हणाली, "ताई, आता हे माझ्या वाट्याला काही येत नाहीत." मी तिला माझा नंबर दिला. का दिला, माहीत नाही.

गॅरेज रिकामं झालं. मी झाडून घेतलं. वाटलं, संपलं एकदाचं.

महिन्याभराने तिचा फोन आला. संध्याकाळची वेळ, मी पोळ्या लाटत होते. तिने इकडचं तिकडचं विचारलं आणि मग चाचरत म्हणाली, ताई, तुमच्याकडचं कुणी येऊन गाडी बघून जातं का? हे बोल्ट कसतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर पांढऱ्या रेघा असतात.

मी काही बोलणार, तेवढ्यात मला तो आवाज ऐकू आला. फोनमधून. तिच्या पाठीमागून.

इंजिन. घुरघुरणारं. ओळखीचं.

"गाडी चालू आहे?" मी विचारलं.

"हो, आत्ताच आले ना. गार करतायत. रोजचंच आहे."

माझ्या हातातलं लाटणं खाली पडलं. मी तिला म्हटलं, आत्ताच्या आत्ता बाहेर जा आणि नवऱ्याला बघ. तिने कारण विचारलं. मी म्हटलं, कारण नंतर, आधी जा. तिची पावलं ऐकू आली. मग ती थांबली. बाहेर पोचायच्या आधीच.

"ताई... हे इथेच आहेत. मोरीत. हात धुतायत." तिचा आवाज बारीक झाला. "गाडीची चावी टेबलावर आहे."

इंजिन चालूच होतं. आम्ही दोघी ऐकत राहिलो.

मग ते बंद झालं.

गाडीच्या दाराचा आवाज... खट्ट.

मला पुढचं पाठ होतं. मी माझ्या दाराकडे बघत उभी राहिले. गॅरेजकडून येणाऱ्या दाराकडे. एवढ्या वर्षांच्या सवयीने वाटलं, आता कडी वाजेल. आता येईल.

फोनमधून पाण्याचा आवाज आला. बराच वेळ. तिचा नवरा तोवर मोरीतून बाहेर आला होता, त्याने विचारलेलं मला ऐकू आलं, "आत नळ कुणी सोडला? मी तर बंद केला होता."

आणि मग... खुर्ची ओढल्याचा आवाज.

"ताई," ती कुजबुजली, "आम्ही दोघंच आहोत हो घरात."

मी तिला धीर द्यायला हवा होता. पळा म्हणायला हवं होतं, गाडी विका म्हणायला हवं होतं. मी फोन ठेवला. मला भीती वाटत नव्हती. मला राग आला होता. त्याला जेवायला यायचं होतं. तिथे.

ती त्यानंतरही फोन करते. मी उचलत नाही. उचलला तर मी काय बोलेन, याचीच आता मला धास्ती वाटते. तो घास तरी घेतो का, हे मी तिला विचारून बसेन.

ती खुर्ची अजून माझ्याकडेच आहे. आता डुगडुगत नाही. रोज सकाळी मी ती उलटी करून बोल्ट बघते.

पिवळी रेघ आहे. तिच्याशेजारची जागा मी पुसून स्वच्छ ठेवते.