ओटीतला सिलिंडर

हॉस्पिटलच्या व्यायामाच्या खोलीत आजी खुर्चीतच गेली, श्वास कोंडून. समोर बटणांची पाटी होती. अर्धांगवायूचे पेशंट त्या पाटीवर बटणं लावायला शिकत. भिंतीशी ऑक्सिजनच्या सिलिंडरची जागा रिकामी होती.

सिलिंडर सापडला वरच्या मजल्यावर, ऑपरेशन थिएटरमध्ये.

"सरळ आहे," थिएटरच्या सिस्टर इन्स्पेक्टरबाईंना म्हणाल्या. "खाली ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे ओटी. आमचं ऑपरेशन थिएटर, तेही ओटी. चिठ्ठीवर नुसतं ओटी होतं. वॉर्डबॉय मामा चुकले. वय झालंय त्यांचं."

बाईंनी सिलिंडर पाहिला. मानेला पिवळी फीत, घट्ट गाठ, टोकं कातरलेली. शेजारी थिएटरचा रिकामा सिलिंडर. त्याला फीतच नव्हती.

मामा जिन्यात बसले होते.

"चिठ्ठी वाचलीत?"

"वाचता कुठं येतं, बाई? मी फीत बघतो. पिवळी खाली, हिरवी वर. मागे असाच घोळ झाला, तेव्हापासून फिती आल्या."

"आज कुठली होती?"

"हिरवी वाटली. पण आता पिवळी आहे ना? कालपासून मी ओटीवर, म्हणजे ओव्हरटाइमवर. डोळ्यांवर झापड होती. म्हातारीला मीच मारलं."

बाई स्टोअरमध्ये गेल्या.

"फीत कशी बांधता?"

"बुटाच्या नाडीसारखी," स्टोअरवाला म्हणाला. "ओढली की सुटते. कापायची नाही, पुन्हा वापरायची. साहेबांचा जीव त्या फितीत अडकलाय."

बाईंनी ऑपरेशन करणारे डॉक्टर, सिस्टर आणि मामांना थिएटरबाहेर बोलावलं.

"मामांनी हिरवीच फीत पाहिली. सिलिंडर स्टोअरच्या दाराशी होता, तेव्हा कुणीतरी पिवळी सोडून हिरवी बांधली. ती आली या रिकाम्या सिलिंडरवरून. आजी गेल्यावर पिवळी परत लावली. पण ही गाठ स्टोअरची नाही. दोनदा पीळ, टोकं कात्रीनं कापलेली. अशी गाठ जखमेच्या टाक्यांना मारतात. डॉक्टर तर टेबलापासून हलले नव्हते."

सगळ्यांचे डोळे सिस्टरकडे वळले.

"राखीव सिलिंडर मागवायचा राहिला," त्या हळूच म्हणाल्या. "दुसऱ्यांदा. टेबलावर पोरगी होती, पोट उघडलेलं. वाटलं, खाली थोड्या वेळानं दुसरा जाईल."

"स्टोअरकडे मागून का घेतला नाहीत?"

"नोकरी गेली असती."

"आणि पिवळी फीत?"

"आजी गेली तेव्हा मामाच रडत आले. म्हणाले, माझं काही चुकलं का? तेव्हाच मला सुचलं. मग फीत बदलली."

शिपाई सिस्टरना घेऊन गेला.

"घरी जा, मामा," बाई म्हणाल्या. "तुमचं काही चुकलं नाही."

मामा जागचे हलले नाहीत.

"आजीच्या नवऱ्याला सांगून बसलोय, माझं चुकलं म्हणून. पाया पडलो त्याच्या."

"काय म्हणाला?"

"पाठीवरून हात फिरवला. म्हणाला, ती आज नको म्हणत होती, मीच तिला ओढून आणलं."